क्लॉप गेला, आता आर्ने स्लॉट : तुमाले काय वाटते? (मे 2024 ची चर्चा)

आर्वीचा लाल : भाऊ हो, इंग्लंडच्या लिव्हरपूल फुटबॉल क्लबनं क्लॉपच्या जागी नवा कोच म्हणून स्लॉटचं नाव पक्कं केलं. मले रात्रभर झोप नाही. 2020 ले क्लॉपनं तीस वर्षांनी इंग्लंडची लीग जिंकून देली तवा पेरणीचे दिवस होते, चेल्सीनं दुसऱ्या नंबरच्या मँचेस्टर सिटीले हरवलं अन् लीग आपली झाली तवा रात्रीचे अडीच वाजून गेले होते. मी मायले उठवून सांगितलं. तिले काही समजलं नाही, पण तिनं चहा मांडला. तो क्लॉप आता क्लब सोडून गेला. या नव्या माणसाले झेपन का?

धामणगावकर : काहून घाबरतं? नेदरलँड्सच्या फेयेनूर्द क्लबले त्यानं 2023 ले डच लीग जिंकून देली, 2024 ले डच कपही. तिथल्याच अजॅक्स क्लबएवढा पैसा नसताना! समोरच्याच्या हद्दीतच दाबून खेळतात त्याचे पोट्टे.

संत्रेवाला : मले चिंता कराराची. सलाह, व्हॅन डाइक, ट्रेंट, आपले मोठे खेळाडू, तिघायचाबी करार 2025 लेच संपते. ते आधी पाहा.

आर्वीचा लाल : हे खरं बोलला भाऊ. सलाह गेला तर मले लय जड जाईन. पण पहिली मॅच मी पाहीनच, लाइन गेली तरी मोबाईल आधीच चार्ज करून ठेवतो.