गावात आधी काय न्यायचं, जनुकीय तपासणी की समुपदेशक?

पायवाट: लागोपाठ दुसरं बाळ दगावतं आणि घरच्यांना कारणच कळत नाही, कारण जनुकीय तपासणीसाठी मजुरी बुडवून मोठ्या शहरात जावं लागतं. माझं म्हणणं, आधी तपासणी गावात न्या. अमेरिकी डॉक्टर रॉबर्ट गथ्री यांनी १९६० च्या दशकात नवजात बाळाच्या टाचेतल्या रक्ताचे थेंब कागदावर सुकवून तपासायची पद्धत रूढ केली. तो कागद टपालाने जातो, नमुना नर्स घेऊ शकते. सल्ला व्हिडिओ कॉलवर द्या. निकाल समजावणारा समुपदेशक गावात मिळेपर्यंत थांबलो तर आणखी एक पिढी जाईल.

कोरडवाहू: अजिबात पटलं नाही. ग्रीसमधल्या ऑर्कोमेनोसला सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारासाठी गावकऱ्यांची तपासणी झाली. वाहक, म्हणजे ज्याच्यात आजाराचं एकच जनुक असतं तो, स्वतः आजारी नसतो, पण गावाने वाहकांवर शिक्का मारला. लग्न जुळवताना काहींनी ती गोष्ट लपवली. नुसता निकाल हातात दिला की असं होतं.

पायवाट: मग सायप्रसचं काय? तिथे थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या लग्नाआधीच्या तपासणीनंतर आजार घेऊन जन्मणारी बाळं जवळपास दिसेनाशी झाली.

कोरडवाहू: तिथे तपासणीला सल्ल्याची जोड होती आणि लग्नाचा निर्णय जोडप्यावरच सोडला होता. तुम्ही नेमका तोच भाग फोनवर ढकलताय. घरात फोन एकच, भोवती सगळं घर बसलेलं. 'माझ्या बहिणीलाही हे असेल का?' असं घरातली बाई सगळ्यांसमोर विचारेल का? आणि आईबाप दोघंही वाहक असले की मूल आजारी होण्याचा धोका 'चारात एक' म्हटलं, तर लोक समजतात, एक मूल आजारी झालं, आता पुढची तीन सुटली. प्रत्येक गरोदरपणात धोका तेवढाच, पंचवीस टक्के, हे समोर बसून, कागदावर काढून, दोनतीनदा सांगावं लागतं.

मधली वाट: दोघंही उपचाराचं बोलतच नाही आहात. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या स्ट्रासबर्गला होम्स मॉर्टन यांनी १९८९ मध्ये आमिश आणि मेनोनाइट या ख्रिस्ती पंथांच्या मुलांसाठी शेतीच्या मुलखातच दवाखाना काढला. त्या मुलांमधला एक आजार असा, की साध्या तापात किंवा उलट्यांत वेळेवर शिरेतून ग्लुकोज मिळालं नाही तर मेंदूला कायमची इजा होते. तिथे शंभर मैलांवरचा तज्ज्ञ काय कामाचा? निदान, सल्ला आणि सलाईन एकाच छपराखाली हवं.

पायवाट: असा दवाखाना प्रत्येक तालुक्याला कोण देणार? तोवर नर्सलाच वंशावळ काढायला आणि धोका समजावायला शिकवा, अवघड केस तेवढी कॉलवर घ्या.

कोरडवाहू: शिकवा, जरूर शिकवा. पण लसीकरण, बाळंतपणं, नोंदवह्या हे सगळं आधीच तिच्याच गळ्यात आहे. त्यातलं काय कमी करणार ते आधी सांगा. आणि ती तयार होईपर्यंत त्या गावात वाहक-तपासणीचं शिबिर नको.