जावास्क्रिप्ट: उद्गारचिन्ह लावूनही अट उलटी होत नाही

प्रश्न (मार्केट यार्ड, सांगली)
नमस्कार मंडळी. मामांचं हळदीचं अडत दुकान आहे. सौद्याला लावायच्या पोत्यांची यादी काढायला छोटा प्रोग्रॅम लिहितोय. ओलावा मर्यादेपेक्षा जास्त नसेल तरच पोतं यादीत यावं, म्हणून इफच्या कंसात लिहिलं:

!ओलावा > मर्यादा

मर्यादा १०. ओलावा ९ दिला तरी पोतं येत नाही, १४ दिला तरी नाही. एररही नाही. मित्र म्हणतो, पायथनमध्ये नॉट लावून हेच बरोबर चालतं. मग इथंच का अडतं?

उत्तर १ (कराड)
कंस टाका: !(ओलावा > मर्यादा). झालं.

उत्तर २ (विश्रामबाग, सांगली)
कंसाचं बरोबर आहे, पण एवढ्यावर थांबू नका. मी डिप्लोमाच्या मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवते, त्यांचीही गाडी इथंच अडते.

उद्गारचिन्हाचा नंबर तुलनेच्या आधी लागतो. म्हणजे आधी !ओलावा निघालं. शून्य सोडून कुठलाही आकडा ट्रू (खरा) धरला जातो, त्याचा नकार फॉल्स (खोटा). तुलनेसाठी फॉल्सचा ० झाला, आणि ० काही १० पेक्षा मोठा नाही. म्हणून सगळीच पोती बाहेर. पायथनमध्ये नॉटचा नंबर तुलनेनंतर लागतो, म्हणून मित्राचं चालतं. जावात तर कंपायलरनंच अडवलं असतं. तिथं आकड्याला उद्गारचिन्ह लागतच नाही.

आता खरी गोम. गडबडीत एखाद्या पोत्याला मॉइश्चर मीटर लावायचं राहतंच. त्याचा ओलावा अनडिफाइन्ड, म्हणजे किंमत दिलेलीच नाही. ते १० पेक्षा मोठं आहे का? फॉल्स. त्याचा नकार? ट्रू. म्हणजे कंस टाकूनही न मोजलेलं पोतं थेट सौद्याला! त्यापेक्षा सरळ लिहा:

ओलावा <= मर्यादा

आकड्यांना दोन्ही सारखंच, पण न मोजलेलं पोतं इथं आत येत नाही. (फॉर्मची चौकट रिकामी राहिली तर ती मात्र शून्य धरली जाते. आधी मजकुराचा आकडा करणाऱ्या पार्सफ्लोटमधून काढा, म्हणजे नॅन ("आकडा नाही") होईल आणि अडेल.) शेतकऱ्याचा माल आणि मामांच्या दुकानाचं नाव या एका ओळीवर आहे, "चालतंय की" म्हणून सोडू नका.

प्रश्नकर्ता
पटलं मॅडम. किडकं पोतंही वगळायचंय. !ओलं || !किडकं बरोबर का? (|| म्हणजे "किंवा".)

उत्तर २
नाही. यानं कोरडं पण किडकं पोतं आत शिरेल. ओलंही नको, किडकंही नको, म्हणजे !ओलं && !किडकं. किंवा !(ओलं || किडकं), अर्थ तोच. कंस फोडला की "किंवा"चा "आणि" होतो, हा डी मॉर्गनचा नियम. (ऑगस्टस डी मॉर्गन १८०६ साली आपल्याच मदुराईत जन्मले, हे मी वर्गात आवर्जून सांगते.)

फक्त "ओलं" ठरवताना असं ठरवा:

ओलं = !(ओलावा <= मर्यादा)

इथं नकार मुद्दाम ठेवलाय. मीटर न लावलेलं पोतं ओलंच धरायचं.