'रोमिओ मस्ट डाय': कुठे पाहिलात, कोणाबरोबर पाहिलात?

परवा झोप येईना म्हणून चॅनल फिरवत बसलो होतो, तर हाँगकाँगच्या तुरुंगात उलटा टांगलेला जेट ली समोर आला. तसा लटकतच तो रखवालदारांना लोळवतो. बायकोला हाक मारली, "अगं, बघ बघ!" ती काही उठली नाही.

२००० सालचा हा सिनेमा मी नारायण पेठेत मित्राच्या खोलीवर व्हीसीडीवर पाहिला. दोन चकत्या असायच्या, दुसरी घालायला उठायचं तेच मध्यंतर. आमची दुसरी चकती नेमकी शेवटच्या मारामारीला अडकली. चहूकडे आग, जेट लीचे हात भाजलेले, आणि चित्राचे चौकोनी ठोकळे झाले. बनियनने पुसली, फुंकर मारली, कोणाच्या तरी सल्ल्याने फ्रीजमध्येही ठेवली. शेवट मला सहा वर्षांनी कळला.

न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात: अमेरिकेतल्या ओकलंडच्या बंदरकाठी दोन टोळ्या, एक कृष्णवर्णीय ओ'डे घराण्याची, दुसरी चिनी सिंग घराण्याची. सिंगांचा धाकटा मारला जातो, थोरला हान तुरुंग फोडून येतो आणि ओ'डेंच्या ट्रिशशी त्याची गाठ पडते. नावात रोमिओ, पण अख्ख्या सिनेमात एक चुंबन नाही! असो. तुमचे अनुभव लिहा. पंचवीस वर्षं उलटली, शेवट फोडलात तरी चालेल.

लाल_माती: कोल्हापूर. तालमीशेजारच्या चहाच्या गाडीवर छोटा टीव्ही होता, त्यावर. जेट ली हवेत तरंगत लाथा घालायला लागल्यावर आमचे वस्ताद बशीतला चहा फुरकत म्हणाले, "गडी चांगला हाय, पर भुईवर का उतरंना?" त्यांना कोण सांगणार, की गडी बीजिंगच्या वुशू, म्हणजे चिनी युद्धकलेच्या, संघात होता आणि राष्ट्रीय अजिंक्यपद पाचदा जिंकलाय. दोष नटांना हवेत उचलणाऱ्या तारांचा. आदल्याच वर्षी 'मॅट्रिक्स' येऊन गेला होता, मग काय, जो तो दोरीवर. अमेरिकन फुटबॉलचा प्रसंग मात्र वस्तादांना पटला. हानला नियम ठाऊक नसतात, आधी सपाटून मार खातो, मग खेळ कळल्यावर एकेकाला आडवा करतो. "आधी पडायला शिकतंय बघ," म्हणाले.

आग विझवायच्या पाइपाने तो सगळ्यांना झोडपतो ना, ते मी उसाला पाणी द्यायच्या पाइपावर करून पाहिलं. टोकाला पितळी नळी होती. माझा पुढचा दात अजून अर्धाच आहे. घरी सांगितलं, कुस्तीत गेला.

हाडवैद्य: त्या क्ष-किरण दृश्यांवर माझा जुना राग आहे. लाथ बसली की आतलं हाड फुटताना दाखवतात, शेवटी तर सिंगांचा माणूस 'काय', त्याच्या मानेचे मणके. हाड असं काचेच्या ग्लाससारखं फुटत नाही हो! तरी रेसिडेन्सीत असताना आम्ही चौघांनी तो शॉट मागे नेऊन नेऊन सहा वेळा पाहिला. त्या आठवड्यात एकानेही त्यावरून काही शिकल्याचं आठवत नाही.

चाळकरी: सगळे लाथांवर लिहितायत म्हणून जरा लांबण लावतो. माझ्या मते हा मारामारीचा सिनेमा नाहीच, जमिनीचा आहे. आठवून बघा, दोन्ही बाप करत काय असतात? धक्क्यावरच्या दुकानांचे, गोदामांचे कागद गोळा करतात. तिथे फुटबॉलचं स्टेडियम यायचंय, आणि सगळ्या जागा एका मुठीत आल्याशिवाय गोऱ्या बिल्डरचं काम होत नाही. जो विकत नाही त्याच्याकडे माणसं जातात. ओ'डेला तर या पैशावर धंदा सोडून पांढरपेशा व्हायचंय.

मी लालबागचा. वडील गिरणीत होते, १९८२च्या संपानंतर परत गेलेच नाहीत. सिनेमा पाहिला त्याच सुमारास आमच्या चाळीत पुनर्विकासाची संमतीपत्रं फिरत होती. सत्तर टक्के भाडेकरूंच्या सह्या लागायच्या. बिल्डरची माणसं यायची, दोघं. मारहाण वगैरे काही नाही. एकजण दारात चपला काढायचा, "काकू, पाणी मिळेल?" म्हणायचा आणि पाणी पिऊन झाल्यावरही अर्धा तास बसून राहायचा. दुसरा बाहेर गॅलरीत कठड्याला टेकून, कुठल्या खोलीतून कोण बाहेर पडतंय ते बघत. आईने त्या माणसाचा पेला वेगळा ठेवला होता, मोरीतल्या कोनाड्यात.

त्यामुळे सिनेमात कागदांची ती चळत हातोहात फिरताना माझं लक्ष जेट लीकडे नव्हतंच. मॅक आठवतो? ओ'डेचा उजवा हात, मालकालाच विकायला निघालेला. आमच्याकडे तो मान समितीच्या खजिनदाराकडे जातो. नाव लिहीत नाही. वडिलांनी एकोणसत्तरावी सही केली की सत्तरावी, हा वाद घरात अजून मिटलेला नाही.

खाडीपलीकडची: चाळकरी, तुमचं वाचून राहवलं नाही. मी २००८पासून ओकलंडजवळ फ्रीमॉन्टला आहे. बे ब्रिजवरून जाताना ओकलंड बंदराच्या पांढऱ्या क्रेन दिसतात. पहिल्यांदा दिसल्या तेव्हा नवऱ्याला म्हटलं, "जेट लीचं गाव!" तो हसला, कारण सिनेमा बहुतेक व्हँकुव्हरला चित्रित झालाय. पण खरी गंमत पुढची. तिथे बंदराला लागूनच, हॉवर्ड टर्मिनलला, खरोखरच स्टेडियम बांधायचं घाटत होतं, फुटबॉल नाही तर बेसबॉलचं. जागा २०१८ला ठरली, बैठकांवर बैठका झाल्या, आणि २०२३ला संघाने लास व्हेगसची वाट धरली. २०२४च्या सप्टेंबरात ओकलंडमधला शेवटचा सामना. बास्केटबॉलवाले २०१९लाच पलीकडे सॅन फ्रान्सिस्कोला गेले होते आणि फुटबॉलवाले २०२०ला व्हेगसला. एवढे मुडदे पाडून त्या दोन बापांच्या पदरात काय पडलं असतं, तर गाड्या लावायला मोकळं मैदान.

चंद्रकोर: मला तर तो आलियाचा सिनेमा, म्हणजे ट्रिश झालेल्या अमेरिकन गायिकेचा. बारावीला होते. सिनेमातलं तिचं 'ट्राय अगेन' संगीत वाहिनीवर लागलं की हातातलं टाकून धावायचे. दुकानात सिंगल विकायला न ठेवता, नुसतं रेडिओवर वाजून अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेलं ते पहिलं गाणं, हे मात्र नंतर वाचलं. सिनेमात हानला बाईवर हात उचलायचा नसतो, म्हणून तो ट्रिशलाच धरून, तिच्या हातापायांनी त्या मोटारसायकलवालीला मारतो. मी आणि धाकटी बहीण गादीवर ते करायचो. ती ट्रिश, कारण ती हलकी.

२५ ऑगस्ट २००१ला बहामाजमध्ये विमान पडलं. आलिया बावीस वर्षांची होती. मला दोन दिवसांनी पेपरात, आतल्या पानावर, चार ओळींत कळलं. कात्रण कापायला गेले तर मागच्या बाजूला भविष्य होतं, ते आजीला हवं होतं. आधी तिला वाचून दाखवलं, मग कापलं.

मूळ धागाकर्ता: काय एकेक आठवणी! चाळकरी, मला तर वाटायचं सगळं भांडण खुनावरून आहे. कागदांचं प्रकरण पार निसटलं होतं.

चाळकरी: धाकट्याचा खून तरी कशाने झाला? बापानेच करवला ना कायच्या हातून, सौद्यात आडवा येत होता म्हणून. हान समोर उभा ठाकल्यावर बाप स्वतःवर गोळी झाडतो. तुमची चकती तिथेच अडकली होती.

सांगलीकर_जुना: आमच्या लायब्ररीवाल्याने पहिल्या चकतीच्या खणात भलत्याच भक्तिपटाची चकती घातली होती. मी फक्त दुसरी पाहिलीय. तो मुळात तुरुंगात का होता, ते कोणी सांगेल का?