भाचा गवंडी आहे, जर्मनीत यायचं म्हणतो

प्रेषक: बापू, लुडविग्सबुर्ग
विषय: भाचा गवंडी आहे, जर्मनीत यायचं म्हणतो

मंडळी, नमस्कार.

कोजागिरीच्या वर्गणीचा वाद चालू द्या, मी मध्येच घरचा प्रश्न घालतोय.

माझी बहीण अमळनेरजवळ दिलेली. दाजी गवंडी. तीस वर्षांत बोरीकाठच्या पाच-सहा गावांत त्यांनी किती घरं उभी केली, ते त्यांनाही सांगता यायचं नाही. जुनी धाब्याची घरं पाडून त्याच जागी स्लॅबची घरं बांधणाऱ्या पिढीतले ते. पोरगा वीस वर्षांचा. बारावी करून आयटीआयला गेला. सोबतची सगळी पोरं इलेक्ट्रिशियन नाहीतर फिटरला, ह्याने आपणहून मेसन ट्रेड घेतला. वर्षभराचा कोर्स झाला, सर्टिफिकेट हातात आहे, सुट्टीत बापाच्या हाताखाली काम चालू असतं.

आता एका एजंटाने सांगितलंय की आयटीआयच्या कागदावर थेट ‘कुशल कामगार’ म्हणून जर्मनीचा व्हिसा होतो, भाषा तिकडे गेल्यावर शिकता येते, खर्च साडेचार लाख. बहीण शेताचा तुकडा गहाण ठेवायला निघालीय. मला काल रात्री फोन आला. मी सॉफ्टवेअरवाला, मला विटेतलं काय कळतं? कोणाला ह्या वाटेची माहिती असेल तर पटकन लिहा. त्याला हो म्हणायला पंधरा दिवस आहेत.

— बापू

———

प्रेषक: माई, स्टुटगार्ट
विषय: उत्तर: भाचा गवंडी आहे, जर्मनीत यायचं म्हणतो

बापू, आधी बहिणीला फोन करा आणि शेत गहाण ठेवू नको म्हणून सांगा. बाकीचं नंतर वाचा.

मी कागदपत्रांची भाषांतरं करते, त्यामुळे असे कागद रोज डोळ्यांखालून जातात. घोळ कुठे आहे सांगते. 2024 च्या मार्चपासून इथे एक सोय झाली आहे. आधी या, नोकरी धरा आणि मग इथे राहून आपलं शिक्षण मान्य करून घ्या. एजंट बहुतेक तेच विकतोय. पण तिला अट आहे. तुमच्या देशात सरकारमान्य असलेलं शिक्षण हवं आणि ते किमान दोन वर्षांचं हवं, शिवाय जर्मन भाषा ए2 पर्यंत, म्हणजे रोजच्या साध्या बोलण्यापुरती, यायला हवी. आयटीआयचा इलेक्ट्रिशियन दोन वर्षांचा, फिटर दोन वर्षांचा. मेसन एक वर्षाचा. म्हणजे ह्याच्यासोबतच्या पोरांना जी वाट उघडी आहे ती ह्याला नाही, आणि चूक त्याची काडीचीही नाही. हात कितीही चांगला असो, खिडकीतला माणूस वर्षं मोजतो.

दाजींचं तर त्याहून अवघड. तीस वर्षांचं काम, कागद शून्य. त्यांनी कारागिरांसाठीच्या पीएम विश्वकर्मा योजनेत नाव घातलं असेल तर पाच-सात दिवसांचं प्रशिक्षण, दिवसाला 500 रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी 15,000 रुपये आणि ओळखपत्र मिळतं. गावात त्याचा उपयोग आहे, जरूर करावं. बांधकाम कामगार मंडळाची नोंदणीही करावी, वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. पण ह्यातला कुठलाही कागद इथे शिक्षण म्हणून धरत नाहीत. नुसता अनुभव, मागे पदवी किंवा ट्रेड नसेल तर, मान्यतेच्या अर्जालाच बसत नाही.

पोराची खरी वाट आउसबिल्डुंगची, म्हणजे मालकाकडे काम करत धंदा शिकण्याची. माउरर, म्हणजे गवंडी, हा इथे तीन वर्षांचा धंदा आहे. करार कंत्राटदाराशी. काही दिवस साइटवर, काही दिवस धंदेशाळेत, आणि पहिल्या वर्षी तर बरेच आठवडे वेगळ्या प्रशिक्षण केंद्रात, जिथे भिंत बांधायची, मास्तरने मोजायची आणि मग पाडायची. दोन वर्षांनंतर एक परीक्षा, तिसऱ्यानंतर कारागिराची परीक्षा. पगार पहिल्या दिवसापासून. बांधकामातला सामुदायिक करार लागू असलेल्या ठिकाणी पहिल्याच वर्षी महिन्याला हजार युरोंच्या वर मिळतात. शिकवणीचा खर्च बराचसा बांधकाम धंद्याच्या सामायिक निधीतून मालकाला परत मिळतो, म्हणून छोटे कंत्राटदारही पोरं घेतात.

ह्यासाठी साडेचार लाख कोणालाही द्यायचे नसतात. लागते ती भाषा. व्हिसासाठी साधारण बी1, म्हणजे ए2 च्या वरची पायरी, धरून चाला. आणि एजंटाला विचारा, सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणी क्रमांक काय? नोंदणीकृत एजंटाला 30,000 रुपये आणि वर जीएसटी, ह्यापलीकडे सेवाशुल्क घेता येत नाही.

— माई

———

प्रेषक: धुळेकर
विषय: उत्तर: उत्तर: भाचा गवंडी आहे

माई, पण महाराष्ट्र सरकारने आपल्या इथल्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी करार केला ना 2024 मध्ये? दहा हजार मुलं पाठवणार होते. त्यात नाही बसत?

———

प्रेषक: माई
विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: भाचा गवंडी आहे

करार आहे, पण करारामुळे इथला कायदा बदलत नाही. भाषा आणि शिक्षण दोन्ही लागतंच. सरकारी भाषावर्ग जवळ मिळाला तर फुकटात धरावा, एवढंच.

———

प्रेषक: नाना, हाइलब्रोन
विषय: विटेचं गणित

बापू, माईंनी कागदाचं सांगितलं, मी भिंतीचं सांगतो. बत्तीस वर्षं इथल्या साइटींवर गेली. मूळचा शिरपूरचा, तुमच्या बोलीत ‘काय चाली राह्यनं भो’ म्हणणारा.

पोराला पहिला धक्का बसेल तो मोजमापाचा. आपल्याकडची वीट नऊ इंची म्हणतात. भट्टीवरून आलेली गाडी उतरवली की एक नऊ, एक पावणेनऊ, एक कोपऱ्यावर फुगलेली. गवंडी सगळा फरक मसाल्यात, म्हणजे सिमेंट-वाळूत, जिरवतो आणि उरलेला प्लास्टर पोटात घालतं. ह्यात कमीपणा नाही, वाकड्या विटेने सरळ भिंत उभी करायला हात लागतो. पण इथे गणित उलटं चालतं.

इथली साधी वीट 24 सेंटिमीटर लांब, 11.5 रुंद, 7.1 उंच. उभा सांधा एक सेंटिमीटर. आता बघा, 11.5 अधिक 1 म्हणजे 12.5. असे आठ झाले की बरोबर एक मीटर. उंचीला आडवा सांधा साधारण 12 मिलिमीटर, म्हणून बारा थरांत एक मीटर. पातळ वीट 5.2 ची असते, तिचे सोळा थर. नकाशातलं प्रत्येक माप ह्या साडेबाराच्या पाढ्यावर बसवलेलं असतं. म्हणून इथल्या नकाशात खिडकीचं गाळं 1 मीटर नसतं, 1.01 असतं, आणि दोन खिडक्यांमधला खांब 99 सेंटिमीटर असतो. का? खांबात विटांपेक्षा सांधे एकने कमी, गाळ्यात एक सांधा जास्त. मला हे कोणी पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर महिनाभर नकाशे चुकीचे छापले आहेत असं समजत बसलो नसतो.

दुसरं, नव्या घरांत साधी वीट कमीच. मोठे पोकळ ठोकळे, वरखाली घासून सपाट केलेले, त्यांच्यात मसाला एक-दोन मिलिमीटरचा आणि तोही रुळाने पसरतात. तिथे घमेलं-थापीचा खेळ संपतो. सगळी मजा पहिल्या थरात. तो पाणसळीत नसेल तर वर सुधारायला जागाच नाही. शिवाय माउरर म्हणजे नुसता विटा रचणारा नव्हे. सेंट्रिंग, काँक्रीट, गळती बंद करणं, भिंतीला उबेचा थर लावणं, सगळं त्याच्यात येतं. हिवाळ्यात डिसेंबर ते मार्च काम थांबलं तर सरकारकडून पगाराचा काही भाग मिळतो, पण जर्मन थंडीत विटेला हात लावणं म्हणजे काय ते त्याला आधीच सांगून ठेवा. बेचाळीस-चव्वेचाळीस डिग्रीत काम करणाऱ्या जळगावच्या पोराला ऊन माहीत आहे, हे नाही.

एक काम करा. त्याला मीटर बाय मीटरची भिंत रचायला सांगा. एका विटेच्या जाडीची, कोपऱ्यासकट, प्लास्टर नाही. सांधमोड नीट हवी, उभ्या सांध्यावर उभा सांधा नको. ओळंबा लावून चारही बाजूंचे फोटो पाठवायला सांगा. मी सांगतो त्याचं काय होईल.

— नाना

———

प्रेषक: बापू
विषय: भिंत

नाना, माई, आभार मानायला शब्द शोधत बसत नाही. बहिणीने एजंटाला नाही सांगितलं. नोंदणी क्रमांक विचारल्यावर त्याने फोन उचलणंच बंद केलं.

रविवारी व्हिडिओवर बसलो. भाच्याने भट्टीवरच्या विटा अंगणात मांडल्या, आणि रचायला घेण्याआधी एकेक मोजून तीन ढीग केले, लहान, मधल्या, मोठ्या. दाजी बाजेवर बसून बघत होते. म्हणाले, “इटा काय मोजस रे? सोनं शे का?” पोरगा काही बोलला नाही. ढीग झाल्यावर बादलीत विटा भिजवल्या, दोरी ताणली, कोपरा धरला, गुण्या लावला.

आपली वीट जाड, त्यामुळे बारा थर बसले नाहीत, अकरा बसले. नवव्या थराला उजव्या कोपऱ्यावर ओळंब्याची दोरी भिंतीपासून बोटभर सुटली. मला तर दिसलंही नसतं. त्याने थापीने दोन थर उपटले, मसाला खरवडला, विटा पुन्हा ओल्या केल्या आणि परत लावल्या. त्यावेळी दाजी उठून जवळ आले, खाली वाकले आणि अद्धा, म्हणजे अर्धी वीट, कुठे घालायचा ते बोटाने दाखवून परत बाजेवर जाऊन बसले. पाऊण तास कोणी काही बोललं नाही.

रात्री दाजींचा फोन. त्यांना एकच टोचतंय, गवंड्याच्या पोराने तीन वर्षं परत शिकाऊ व्हायचं? “मन्या हातनी भिंत देखा, कागद काय देखतस!” काय उत्तर द्यावं?

फोटो जोडले आहेत.

— बापू

———

प्रेषक: नाना
विषय: उत्तर: भिंत

फोटो पाहिले. डाव्या कोपऱ्यातला तिसरा थर जरा जास्त मसाला खाल्लेला आहे, बाकी काम चांगलं. उपटलेले दोन थर महत्त्वाचे. माझ्या साइटवर असा पोरगा आला तर मी घेईन.

दाजींना सांगा, शिकाऊपणा कमी करता येतो. आधीचं शिक्षण दाखवून मालक आणि पोरगा मिळून अर्ज करतात. आणि धंद्यात दीडपट काळ काढलेल्याला, म्हणजे इथे साडेचार वर्षं, आउसबिल्डुंग न करताही परीक्षेला बसता येतं, परदेशातलं कामही विचारात घेतात. पण मी ती वाट सुचवणार नाही. परीक्षा जर्मनमध्ये, नकाशा जर्मनमध्ये, फोरमन इथली स्वाबियन बोली बोलणार. तीन वर्षं शाळेत बसलेला पोरगा पुढे मास्टरच्या, म्हणजे कारागिराच्या वरच्या उस्तादाच्या, परीक्षेपर्यंत जाऊ शकतो, आणि स्वतःचा गवंडीकामाचा धंदा नोंदवायला इथे मास्टरपणा लागतो.

आउसबिल्डुंग ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होते. आत्तापासून रोज तीन तास भाषा केली तर पुढचा नाही, त्याच्या पुढचा हंगाम धरा. घाईत बी1 होत नाही.

— नाना

———

प्रेषक: बापू
विषय: उत्तर: उत्तर: भिंत

ठरलं. जळगावला क्लास लावला, सकाळी सातचा. नंतर दाजींबरोबर साइट. पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनला परीक्षेची तारीख मिळाली की रात्रीच्या महाराष्ट्र एक्सप्रेसने जाईल. दाजींनी होकार दिलाय, फक्त म्हणाले, येताना त्याला त्यांचा ओळंबा द्यायचा. पितळी आहे, त्यांच्या बापाचा.

दिवाळीला कोणी जळगावकडे जातंय का? लाकडी घडीची दोन मीटरची मोजपट्टी पाठवायची आहे. पोराला साडेबाराचा पाढा तिच्यावर घोकायचाय.

———

प्रेषक: धुळेकर
विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: भिंत

मी जातोय. पट्टी आणून द्या, अमळनेरला हातात देईन. परतीला शेवभाजीचा मसाला आणीन ज्यांना हवा त्यांना, नावं कळवा. भरिताची वांगी मागू नका, मागच्या वेळी विमानतळावर सगळी काढून घेतली.