सासू-सासऱ्यांना घेऊन ८,६०० फुटांवर तंबू: ग्रँडव्ह्यूला कुणी राहिलंय का?

रानजाई
सप्टेंबरमध्ये फ्रीमाँटहून कॅलिफोर्नियातल्याच व्हाइट माउंटन्सला जायचं म्हणतोय, ब्रिसलकोन पाइनची जुनी झाडं बघायला. सासू-सासरे नाशिकहून आलेत. दोघं पासष्टीच्या पुढचे, पण रोज चालणारे. बाबांना रक्तदाबाची गोळी आहे. नवऱ्याचं म्हणणं, मॉटेल कशाला, ग्रँडव्ह्यू कॅम्पग्राउंडलाच तंबू टाकू. तिथे नळ नाही, वीज नाही हे कळलं. संडासाचं काय? थंडी किती? आणि आईंना वरणभाताशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही.

दुर्बीणवाला
ताई, खुशाल जा. फक्त पहिली रात्र बिशप नाहीतर बिग पाइनला काढा. ही गावं साधारण ४,००० फुटांवर आहेत. ग्रँडव्ह्यू ८,६००, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याच्याही तीन हजार फूट वर. फ्रीमाँटहून निघून त्याच रात्री तिथे झोपलं तर विरळ हवेनं धडधाकट पोरांचंही डोकं धरतं. गोळ्यांचं डॉक्टरांना आधी विचारा. वर गेल्यावर डोकेदुखी, मळमळ वाढतेय असं दिसलं तर उजाडायची वाट बघू नका, गाडी काढून खाली या. बिग पाइन तासाभराच्या आत येतं.

संडास आहेत, खड्ड्याचे. बसायला कमोडसारखं उंच, त्यामुळे गुडघ्यांचा प्रश्न नाही, पण आत पाण्याचा थेंब नाही. तांब्या घरून न्या. हसू नका, आमच्या गटात सगळ्यांत जास्त उसना मागितला जाणारा ऐवज तोच आहे. पाणी माणशी दिवसाला पाच लिटर धरा, वर एक कॅन जास्तीचा. कॅन आणि पेट्रोलची टाकी, दोन्ही बिग पाइनलाच भरा, पुढे काही नाही. फोनची रेंजही धरून चालू नका.

आरक्षण नाही, आधी येईल त्याची जागा. अमावास्येच्या आसपासच्या शनिवारी आम्ही दुर्बीणवाले जमतो. तेव्हा अंधारात हेडलाइट लावून कुणी आत शिरलं की अंधाराला सरावलेले डोळे दिपतात आणि शिव्या बसतात, उजेडी पोचा. सप्टेंबरच्या रात्री पारा शून्याजवळ जाऊ शकतो. कानटोप्या, लोकरी मोजे, आणि अंगाखाली जाड मॅट. पांघरुणं कितीही घ्या, गारठा जमिनीतूनच चढतो.

झाडं अजून वर, शुलमन ग्रोव्हला, १०,००० फुटांवर. आई-बाबांना मैलभराची डिस्कव्हरी ट्रेल पुरे. मेथुसेला नावाच्या झाडाचं वय, झाडांच्या खोडातल्या कड्या मोजणाऱ्या एडमंड शुलमननी १९५७ मध्ये मोजलं. आज ते ४,८०० वर्षांच्या वर आहे. हे झाड साडेचार मैलांच्या दुसऱ्या वाटेवर आहे, पण नेमकं कुठलं ते मुद्दाम सांगत नाहीत, पाटीही नाही. वाटेवरच्या प्रत्येक पिळवटलेल्या खोडापाशी थांबून लोक ‘हेच ते’ म्हणतात. डोलोमाइट नावाच्या चुनखडीसारख्या खडकाच्या पांढुरक्या मातीत दुसरं फारसं तग धरत नाही. ब्रिसलकोन मात्र तिथेच इतकं सावकाश वाढतं की लाकूड घट्ट, राळेनं भरलेलं होतं आणि किडीला दाद देत नाही.

कुकरची_शिट्टी
वरणाचं मी सांगते. त्या उंचीवर पाणी ९१ अंशांच्या आसपासच उकळतं. उघड्या पातेल्यात तूरडाळ तासन्‌तास ढवळत बसाल, कणी राहणारच. छोटा कुकर न्या, घरच्यापेक्षा दोन शिट्ट्या जास्त. शेगडीला प्रोपेनची टाकी घ्या. नुसत्या ब्युटेनच्या डब्या थंडीत मान टाकतात. चुलीवर करू म्हणत असाल तर त्या आठवड्यात आगबंदी आहे का ते बघून घ्या.

पाठदुखे_काका
माझं मत वेगळं. आईंना रात्री उठावं लागत असेल तर काळोखात तंबूची चेन उघडून, बूट चढवून, गारठ्यात चालणं म्हणजे शिक्षा. बिशपलाच दोन रात्री राहा, दिवसा वर जाऊन या. हौस फिटते आणि पाठही वाचते.

दुर्बीणवाला
काका, दिवसा झाडं दिसतील, आकाशगंगा नाही दिसणार. तंबू संडासाजवळच्या जागेवर टाका, काम भागतं.

रानजाई
बाबांना विचारलं. ते म्हणाले, आकाशगंगा दिसणार असेल तर मी खुर्चीवर रात्र काढीन. आई म्हणाल्या, मग मीही येते, पण तांब्या पितळेचा नको, हलका द्या. पहिली रात्र बिशप, दुसरी वर, असं ठरलं. तुमचे डोळे दिपू नयेत म्हणून टॉर्चला लाल जिलेटिन लावलं तर चालेल का?

दुर्बीणवाला
चालेल, दोन पदर लावा. आणि गाडीच्या आतला दिवा बिशपलाच बंद करून ठेवा, दार उघडलं की तोच लागतो.