मदत मागणाऱ्याची अमली पदार्थ चाचणी : फ्लोरिडाचा कायदा चुकीचा का ठरला?

टॅम्पाकर (प्रश्न):
फ्लोरिडात नोकरीवर रुजू होण्यापूर्वी मला अमली पदार्थांची चाचणी द्यावी लागली होती. खिसे रिकामे करून घेतले, हात धुऊन झाल्यावर नळ बंद केला आणि नमुन्यात कोणी पाणी मिसळू नये म्हणून शौचकूपातले पाणीही निळे करून ठेवले होते. ओशाळल्यासारखे झाले खरे, पण नोकरी हवी होती. मग ज्यांना आमच्या करातून रोख मदत मिळते त्यांना हीच अट घालणारा २०११ चा कायदा न्यायालयाने का मोडीत काढला, हे मला उमगलेले नाही.

उंबरठा:
तुमची चाचणी खाजगी कंपनीने घेतली. अवाजवी झडतीपासून संरक्षण देणारी अमेरिकेच्या राज्यघटनेतील चौथी दुरुस्ती कंपनीला नव्हे, तर सरकारला बांधते. सरकारने सक्तीने लघवीचा नमुना घेणे ही कायद्याच्या दृष्टीने झडतीच असते आणि एखाद्या व्यक्तीविषयी संशयाला आधार नसताना ती घ्यायची, तर सार्वजनिक सुरक्षिततेसारखी खास गरज सरकारला दाखवावी लागते. रेल्वेच्या कर्मचाऱ्यांबाबत ती दाखवता आली. मदत मागणाऱ्या आईबापांबाबत फ्लोरिडाला दाखवता आली नाही, म्हणून डिसेंबर २०१४ मध्ये अपिलातही राज्य हरले. गंमत अशी की, जॉर्जियाने निवडणुकीच्या उमेदवारांना अशीच चाचणी सक्तीची केली होती आणि तीही सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये रद्द केली. पुढाऱ्यांना जे संरक्षण मिळाले, ते गरजूंना नाकारायचे कसे?

जमाखर्च:
घटना क्षणभर बाजूला ठेवून हिशेब पाहू. कायदा जेमतेम चार महिने अमलात होता. तेवढ्यात ४,०८६ अर्जदारांची चाचणी झाली आणि १०८ जण दोषी ठरले, म्हणजे शंभरात तीनही नाहीत. त्यांतही बहुतेकांच्या नमुन्यात गांजाच सापडला. जे निर्दोष ठरले त्यांना राज्याने चाचणीचे १,१८,१४० डॉलर परत केले. पण आधी खिशात हात अर्जदारालाच घालावा लागे, हे विसरू नका. चाचणीला साधारण तीस डॉलर लागत आणि तीन माणसांच्या कुटुंबाला मिळणारी मदत महिन्याला फार तर ३०३ डॉलर होती. घरात पैसे नाहीत म्हणून जो दारात आला आहे, त्यालाच आधी पैसे भरायला सांगणे मला तरी पटत नाही.

टॅम्पाकर:
आकडे मान्य. परंतु व्यसन करणारे लोक चाचणीच्या धाकाने अर्जच करत नसतील, तर ते या आकड्यांत दिसणार कसे? शिवाय संशय असेल तेव्हा तरी चाचणी घ्यायला काय हरकत आहे?

जमाखर्च:
शंका रास्त आहे. मात्र त्या पहिल्या महिन्यांत मदत घेणाऱ्या कुटुंबांची संख्या घटल्याचे राज्याच्या स्वतःच्या नोंदींतही दिसले नव्हते.

उंबरठा:
संशयावरून चाचणी घेण्याची वाट बंद झालेली नाही. १९९६ च्या केंद्रीय कायद्याने राज्यांना चाचणीची मुभा दिली आहे आणि यूटाने २०१२ पासून आधी प्रश्नावली, मग गरज वाटल्यास चाचणी, असा मार्ग धरला. माझी हरकत पुढच्या टप्प्याला आहे. फ्लोरिडात दोषी ठरणाऱ्याची मदत वर्षभर बंद होई. उपचार पूर्ण केले, तर सहा महिन्यांनी पुन्हा अर्ज करता येई. मुलांच्या वाट्याचे पैसे दुसऱ्या प्रौढाच्या हाती देण्याची सोय होती, हे कबूल. पण ते उपचार पुरवण्याची किंवा त्यांचा खर्च उचलण्याची जबाबदारी राज्यावर नाही, हे त्याच कायद्यात स्पष्ट लिहून ठेवले होते.