मदत हवी आहे: दुकानातले दोन कॉम्प्युटर विंडोज १० वरून ११ वर न्यावेत का? न्यायचे तर कसे?

पारोळेकर_टायपिंग (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

पारोळ्याला तहसील कचेरीजवळ माझं टायपिंग, झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरण्याचं दुकान आहे. दोन कॉम्प्युटर आहेत, दोन्हींवर विंडोज १०. त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मशीन चालू आहेत, कामं होतात, पण अपडेटच्या जागी ती सूचना दिसली की माझा जीव खालीवर होतो. कारण या मशीनवर माझं स्वतःचं फारसं काही नाही, जे आहे ते गिऱ्हाइकांचं. आधार, पॅन, पासबुक, सातबारा, पोरांच्या मार्कशीट. खेड्यावरून माणूस एसटीने येतो, कागदांची पिशवी काउंटरवर रिकामी करतो आणि म्हणतो, "भाऊ, तूच पाहून घे." ओटीपी आला की मोबाइलच माझ्या हातात देतात. अशा मशीनमध्ये कोणी शिरला आणि यांच्यापैकी कोणाचे पैसे गेले, तर मी त्याला काय तोंड दाखवू?

काउंटरवरचं मशीन आय-थ्री, सहावी जनरेशन, ४ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क. सगळी ऑनलाइन कामं यावरच होतात. लेझर प्रिंटर, स्कॅनर आणि अंगठ्याचं मशीन यालाच जोडलेलं आहे.

आतल्या बाजूचं मशीन आय-फाइव्ह, आठवी जनरेशन, ८ जीबी रॅम, एसएसडी. एका ऑफिसातून निघालेलं जुनं मशीन घेतलं होतं. यावर पेजमेकर (पानं मांडायचं जुनं सॉफ्टवेअर), जुने मराठी फॉन्ट आणि आजवर केलेल्या सगळ्या पत्रिका आहेत. लग्नाच्या, वास्तुशांतीच्या, गंधमुक्तीच्या. घरात दुसरं लग्न निघालं की लोक येऊन सांगतात, "मोठ्या पोरीची होती तश्शीच काढ." त्यामुळे ती एकही फाइल गमावून चालणार नाही.

जळगावच्या एका दुकानदाराने फोनवरच सांगितलं की दोन्ही भंगारात काढा, नवीन घ्या. मशीनवर ११ चालेल का हे सांगणारं मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक चालवलं तर काउंटरवाल्याचा प्रोसेसरच चालत नाही असं आलं. आतल्याच्या प्रोसेसरला हिरवी खूण आहे, पण टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूट (मशीन सुरू होतानाची सुरक्षा तपासणी) या दोन्हींवर फुली.

दोन्ही मशीन खरोखर बदलावी लागतील का? ११ टाकलं तर प्रिंटर आणि अंगठ्याचं मशीन चालेल का? फॉन्टची भीती सगळ्यात मोठी आहे. एक पत्रिका भाच्याच्या लॅपटॉपवर उघडून पाहिली, तर "श्री गजानन प्रसन्न"च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि कंस-टिंबं दिसली. आणि हे सगळं आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आत उरकायचं आहे. एकदा लग्नसराई लागली आणि पुढे जूनमध्ये ॲडमिशन सुरू झाले की मशीनला हात लावता येत नाही.

तापीकाठ, भुसावळ

राम राम भाऊ. आधी बॅकअप ल्या, मंग बाकीनं दखू. पत्रिकांचं फोल्डर आणि सी ड्राइव्हमधलं विंडोजच्या आतलं फॉन्ट्स फोल्डर, दोन्ही बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या, आणि ती डिस्क मशीनपासून काढून घरी न्या. लावून ठेवलेली डिस्क हा बॅकअप नव्हे. फाइली लॉक करून पैसे मागणारा व्हायरस आला तर तो तिलाही सोडत नाही.

आता दुकानदाराचं म्हणणं. आतलं मशीन बदलायची काही गरज नाही. विंडोज ११ साठी इंटेलची आठवी जनरेशन आणि पुढचे प्रोसेसर चालतात, तुमचा त्यात बसतो. टीपीएमची फुली आली म्हणजे ते मशीनमध्ये नाहीच असं समजू नका. इंटेलच्या या पिढीत ते प्रोसेसरसोबतच येतं आणि बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये) 'पीटीटी' या नावाखाली असतं. ऑफिसातून निघालेल्या मशीनवर ते बंद केलेलं असणं अगदी नेहमीचं आहे. एएमडीच्या मशीनवर हेच 'एफटीपीएम' नावाने सापडतं.

सिक्युअर बूटची गोष्ट थोडी वेगळी आहे. सिस्टिम इन्फर्मेशन उघडा आणि बायोस मोडसमोर काय लिहिलंय ते सांगा. 'लेगसी' असेल तर तुमच्या डिस्कची विभागणी जुन्या एमबीआर पद्धतीची असणार. तसं असताना थेट बायोसमध्ये जाऊन यूईएफआय (सुरू होण्याची नवी पद्धत) करू नका, मशीन सुरूच होणार नाही. आधी डिस्क नव्या जीपीटी पद्धतीची करावी लागते. त्यासाठी विंडोज १० मध्येच एमबीआर-टू-जीपीटी नावाचं साधन आहे, त्यात डेटा पुसला जात नाही. त्यात नुसतं तपासून पाहण्याचा पर्याय आहे, तो आधी चालवा. डिस्कवर तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन असतील तर ते नकार देतं.

मुक्तस्रोत, धुळे

काउंटरच्या मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली टाका असं मी सुचवेन. ४ जीबी रॅमवर त्याची हलकी एक्सएफसीई आवृत्ती छान चालते, आणि मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. मशीनवरचं काही न पुसता पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येतं. मराठी इनस्क्रिप्ट कळफलक आहेच.

शिरपूरकर

लिनक्सबद्दल आदर ठेवून सांगतो, माझंही सेवा केंद्र आहे आणि काउंटरच्या मशीनवर हे करू नका. अंगठ्याच्या मशीनला लागणारी आरडी सर्व्हिस (आधारसाठी अंगठा घेणारं सॉफ्टवेअर) कंपन्या मुख्यतः विंडोज आणि अँड्रॉइडसाठी देतात. डिजिटल सहीच्या टोकनचंही तेच, सही करण्याची सॉफ्टवेअर बहुतेक विंडोज धरूनच बनवलेली असतात. घरच्या मशीनवर खुशाल लिनक्स टाका. पण समोर दहा माणसं रांगेत आहेत आणि अंगठा घेतला जात नाही, ही वेळ यायला नको.

प्रिंटरसाठी कंपनीच्या साइटवर मॉडेल नंबर टाकून ६४ बिटचा ड्रायव्हर आहे का पाहा. विंडोज १० चा ६४ बिट ड्रायव्हर सहसा ११ वर चालतो. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येतं, त्यामुळे ज्या जुन्या वस्तूला ३२ बिटचाच ड्रायव्हर आहे तिची अडचण होते.

गड्या_आपला_गाव

एवढं कशाला? रुफस नावाचं सॉफ्टवेअर वापरून विंडोज ११ चा पेनड्राइव्ह बनवा, त्यात टीपीएम आणि प्रोसेसरची तपासणी गाळता येते. सहाव्या जनरेशनवरसुद्धा ११ चढतं. माझ्याकडे चालू आहे.

तापीकाठ, भुसावळ

चढतं हे खरं. पण नियमात न बसणाऱ्या मशीनला अपडेट मिळतीलच याची हमी नाही, असं मायक्रोसॉफ्टने स्वतःच सांगितलंय. भाऊंना ११ हवंय ते अपडेटसाठीच. ज्यासाठी एवढी खटपट करायची त्याचाच भरवसा नसेल तर या दुकानात ते करू नये. घरच्या मशीनवर गोष्ट वेगळी.

गिरणामाई, चाळीसगाव

दादा, मी वेगळं सुचवते. दोन्ही मशीनच्या कामांची अदलाबदल करा. आठव्या जनरेशनचं मशीन ११ वर नेऊन काउंटरवर आणा, गिऱ्हाइकांची सगळी ऑनलाइन कामं त्यावर करा. सहाव्या जनरेशनचं आत न्या आणि त्यावर पेजमेकर व पत्रिका ठेवा. पत्रिका करायला इंटरनेट लागत नाही. जे मशीन नेटला जोडलेलंच नाही त्यात बाहेरून शिरण्याची वाट फार अरुंद होते, उरतो तो पेनड्राइव्ह. गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह आतल्या मशीनला कधीच लावायचा नाही, आधी काउंटरवर स्कॅन करून आपल्या पेनड्राइव्हने फाइल आत न्यायची.

तुमच्या फॉन्टच्या भीतीबद्दल. ते जुने फॉन्ट युनिकोड (अक्षरं साठवायची आजची सगळीकडे चालणारी पद्धत) नाहीत. फाइलमध्ये खरी साठवलेली असतात ती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, फॉन्ट त्यांच्यावर मराठी आकार चढवतो. भाच्याच्या लॅपटॉपवर तो फॉन्ट नव्हता म्हणून तसं दिसलं, तुमची फाइल खराब झालेली नाही. तोच फॉन्ट तिथे टाकला की "श्री गजानन प्रसन्न" पुन्हा जागेवर येईल.

फॉन्ट टाकताना एक बारीक गोष्ट सांभाळा. विंडोज १० च्या नव्या आवृत्त्यांमध्ये फॉन्टवर डबल क्लिक करून इन्स्टॉल केलं तर तो फक्त त्या यूजरपुरता बसतो. जुन्या प्रोग्रामना तो बऱ्याचदा दिसत नाही आणि माणूस फॉन्ट शोधत बसतो. म्हणून सगळे फॉन्ट निवडा, राइट क्लिक करा आणि 'इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स' घ्या. आमच्या प्रेसमध्ये याच एका गोष्टीवर पूर्ण दुपार गेली होती.

आणि ज्या पत्रिका पुन्हा लागणार आहेत त्यांची पीडीएफ करून ठेवा. फॉन्ट सहसा पीडीएफच्या आत बसतो, पुढे दुसऱ्या मशीनवरही छापता येते.

पारोळेकर_टायपिंग (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. गिरणामाई ताई, अदलाबदलीचं डोक्यात आलंच नव्हतं, एकदम पटलं. तापीकाठ भाऊ, बायोस मोड लेगसीच आहे. तपासणी चालवली, ती पास झाली.

एक अडचण उरते. जून-जुलैत पीक विमा आणि ॲडमिशन एकाच वेळी येतात, तेव्हा दोन्ही मशीनवर नेट लागतं. आय-थ्रीवालं तेवढ्या दिवसांपुरतं काय करू?

तापीकाठ, भुसावळ

त्यासाठी ईएसयू आहे. विंडोज १० ला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत फक्त सुरक्षेचे अपडेट देणारी योजना. म्हणजे २०२६ चा सीझन त्यात निघतो. मशीनवर २२एच२ आवृत्ती हवी, ती नसेल तर आधी तेवढं अपडेट करा. मग सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर नाव नोंदवण्याची लिंक दिसेल. मायक्रोसॉफ्ट अकाउंट लागतं. सेटिंग्जचा बॅकअप सुरू ठेवला तर नोंदणी फुकट होते, नाहीतर रिवॉर्ड्सचे १००० पॉइंट किंवा ३० डॉलर असे पर्याय ठेवलेत.

तुमच्या दुकानासाठी एक खबरदारी. फुकट नोंदणीसाठी सेटिंग्ज सिंक पुरेसं असतं. त्याच पानावर डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स ही फोल्डरं वनड्राइव्हवर टाकायचाही पर्याय असतो, तो बंद ठेवा. लोकांचे आधार स्कॅन करून तुम्ही डेस्कटॉपवर ठेवत असाल तर ते त्यांच्या नकळत इंटरनेटवर जातील. आणि काम झालं की स्कॅन रोजच्या रोज पुसत चला, रिसायकल बिनसकट. विंडोज १० असो वा ११, जे मशीनवर नाहीच ते चोरीला जात नाही.

ऑक्टोबर २०२६ नंतर मात्र आय-थ्रीवाल्या मशीनचं नेट कायमचं काढा. "ब्राउझर तर चालतोय" यावर जाऊ नका. विंडोज ७ चा सपोर्ट जानेवारी २०२० ला संपला, तरी क्रोम २०२३ पर्यंत त्यावर नवीन आवृत्त्या देत होतं. तेवढा सगळा काळ लोकांना वाटत होतं सगळं ठीक आहे, आणि खाली विंडोज उघडंच होतं.

आता सध्या आत असलेल्या आय-फाइव्ह मशीनचा क्रम. पूर्ण डिस्कची इमेज (जशीच्या तशी प्रत) बाहेरच्या डिस्कवर. मग एमबीआर-टू-जीपीटी. मग बायोसमध्ये यूईएफआय, सिक्युअर बूट आणि पीटीटी सुरू. विंडोज १० नीट सुरू होतं का पाहा, पीसी हेल्थ चेक पुन्हा चालवा. सगळीकडे हिरवं आलं तरच ११. विचारेल तेव्हा फाइली आणि ॲप्स दोन्ही ठेवा असं निवडा. विंडोज ११ इन्स्टॉल करायची आयएसओ फाइल कित्येक जीबीची असते, मोबाइलच्या डेटावर डाउनलोड करत बसू नका. आणि यूपीएसच्या भरवशावर राहू नका. उन्हाळ्यात आपल्याकडे लाईट कधी जाईल सांगता येत नाही, लोडशेडिंगची वेळ सोडून सकाळी लवकर बसा. डिस्क बदलताना लाईट गेली तर अवघड होतं.

११ आलं आणि काही बिनसलं तर सेटिंग्जमधल्या रिकव्हरीतून १० दिवसांच्या आत परत १० वर जाता येतं. म्हणून पहिल्याच आठवड्यात सगळं चालवून घ्या: प्रिंट, स्कॅन, अंगठा, डिजिटल सही. एखादं जुनं यंत्र ओळखलं जात नसेल तर विंडोज सिक्युरिटीमध्ये कोअर आयसोलेशन पाहा, कोणता ड्रायव्हर अडतोय ते तिथे कळतं. ते संरक्षण बंद करण्याआधी त्या यंत्राचा नवा ड्रायव्हर शोधा.

शिरपूरकर

एक भर घालतो. ११ वर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने आत गेल्यावर डिव्हाइस एन्क्रिप्शन सुरू आहे का ते पाहा. कोरं इन्स्टॉल केलं तर नव्या आवृत्तीत ते बऱ्याचदा आपोआप सुरू होतं. चांगलंच आहे, मशीन चोरीला गेलं तरी कोणाला डिस्क वाचता येत नाही. पण रिकव्हरी की (अडलं तर डिस्क उघडायची किल्ली) अकाउंटमध्ये जाते. ती कागदावर लिहून घरी कपाटात ठेवा. अकाउंट दुकानातल्या पोराच्या मोबाइल नंबरवर काढू नका, स्वतःच्या नंबरवर काढा. पोरगा उद्या सुरतला गेला तर कुठे शोधणार?

पारोळेकर_टायपिंग (धागाकर्ता)

नंबर माझाच देतो. रविवारी तहसील बंद असते, तेव्हा आधी बॅकअप आणि पत्रिकांच्या पीडीएफ. ते होऊन एकदा दुसऱ्या मशीनवर उघडून पाहिल्याशिवाय बायोसला हात लावत नाही. पेजमेकर आणि फॉन्ट आय-थ्रीवर बसले की इथे लिहितो. त्यात साधी हार्ड डिस्क आहे, तिच्याऐवजी एसएसडी टाकून रॅम ८ करावी का? की ते मशीन पुढे ऑफलाइनच राहणार म्हणून आहे तसंच ठेवू?

गिरणामाई, चाळीसगाव

एसएसडी टाका, रॅम राहू द्या. पेजमेकरला ४ जीबी भरपूर आहे. आणि जुनी हार्ड डिस्क फेकू नका. एसएसडीवर सगळं नीट चाललं की ती काढून बंद ठेवा, पत्रिकांची एक जादा प्रत आपोआप हाताशी राहील.